एक तृतीयांश तळं

आयुष्यात एकही काम एका दमात संपवलं नाही आणि तरीही एकही काम अर्धवट सोडलं नाही, असा माणूस उभ्या नाशिकमध्ये एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळला. तिथे ते एवढंच शिकले, की चालू प्लँट कधीही पूर्ण बंद करायचा नाही. एक भाग थांबवायचा, दुरुस्त करायचा, चालू करायचा, मगच पुढच्या भागाला हात लावायचा. रिटायर झाल्यावर हा नियम ते डब्याबरोबर घरी घेऊन आले. घराला रंग द्यायचा तर एका दिवाळीला एक तृतीयांश, त्यामुळे त्यांचं बैठं घर गेली कित्येक वर्षं तीन रंगांत उभं आहे आणि पाहुण्यांना पत्ता सांगणं सोपं जातं. दाढीसुद्धा ते उजवा गाल, चहा, डावा गाल, पेपर, हनुवटी या क्रमाने करतात. माझ्या लग्नात ते मुहूर्ताला अगदी वेळेवर हजर होते, हनुवटी तेवढी व्हायची होती.

मामा मूळचे नांदगावकडचे. लहानपणी टँकरमागे हंडा घेऊन धावलेला माणूस, त्यामुळे कुठे चार बादल्या पाणी साठलेलं दिसलं की त्यांचा जीव तिथे अडकतो. घरामागच्या अंगणात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणून तळाला फरशी घातली होती. टाकी यायच्या आधी त्यात पावसाचं पाणी साठलं आणि एक बेडूक राहायला आला. झालं! टाकी गच्चीवर गेली आणि खड्ड्याचं तळं झालं. मग त्यात कुमुदिनी आली, गप्पी मासे आले, गोगलगाई कुणी न बोलावता आल्या. मामींचं या सगळ्याबद्दलचं मत एका वाक्याचं होतं. पावसाळ्यात बेडकांनी सूर लावला, की तळ्याकाठी बसलेले मामा विचारायचे, "ओरडतायत का गं?" आणि मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "कान किटले माझे!" मशीनच्या धडधडाटात तीस वर्षं काढलेल्या मामांना बेडूक मुळीच ऐकू येत नसत, मामी मात्र ऐकू येत. ते समाधानाने मान हलवायचे.

दिवाळी झाली, बेडकांची पिल्लं मोठी होऊन मार्गी लागली, की तळ्याची सफाई निघे. तीसुद्धा अर्थातच तृतीयांशाने. एका आठवड्यात तळ्याचा एकच भाग, तोही हाताने. शेवाळ आणि कुजलेली पानं काढून काठावर ढीग करायचा आणि तो दोन दिवस तिथेच राहू द्यायचा, कारण त्यात अडकलेल्या जीवांना चालत पाण्यात परत जायचं असतं. मामा या जीवांना 'माणसं' म्हणत. गाळ उपसायला मामींचा तळणीचा झारा लागे, तो पुढच्या दिवाळीपर्यंत सापडत नसे. आणि नळाचं पाणी सरळ तळ्यात ओतायचं नाही, त्यातल्या औषधाने मासे मरतात, म्हणून ते एक दिवस शिळं करायचं. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण आटोपून मी त्यांच्याकडे उतरलो, तेव्हा न्हाणीघरातल्या सगळ्या बादल्यांत पाणी शिळं होत होतं आणि टबात एक भला मोठा बेडूक माझ्याकडे बघत बसला होता. "जावईबापू, दुपारपर्यंत थांबा," मामा बाहेरून म्हणाले, "त्यांची बदली व्हायचीय." मी दुपारपर्यंत थांबलो.

हे असंच चालायचं, पण एका वर्षी त्यांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार असं ठरलं. त्या वर्षी नेमकं पाणी हिरवंगार झालं होतं आणि वास घरात येत होता. मामींनी कंबर कसली. "रविवारी मुरमाची ट्रॉली सांगितलीये," त्या म्हणाल्या, "तोवर तळाची फरशी दिसली तर तुमचं तळं राहील. नाहीतर मी ते बुजवणार. बाळाला डास चावलेले मला चालायचे नाहीत." मध्ये नऊ दिवस होते. त्या दिवशी मामांनी तिन्ही भागांची दाढी एकदम केली, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, मोटर लावू, तासाभरात तळं कोरडं करू, ब्लीचिंग पावडरने घासू आणि संध्याकाळी भरून टाकू." मामा म्हणाले, "जावईबापू, आत माणसं कामावर आहेत. शटडाऊन घेतल्यावर त्यांनी जायचं कुठं?" आणि त्यांनी आठवड्याचा हप्ता तीन दिवसांवर आणला. एवढी तडजोड त्यांनी आयुष्यात कुणासाठी केली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा भाग झाला. सगळ्यात जुनी, सगळ्यात दाट वस्ती तिथलीच, त्यामुळे ढीगही मोठा होता. रविवारी सकाळी मी मदतीला गेलो, तर मामी अंगण झाडत होत्या आणि कोपऱ्यावर घंटागाडीचं गाणं वाजत होतं. ट्रॉली यायच्या आत अंगण लख्ख दिसलं तर तळं वाचेल, असा हिशोब करून मी तो ढीग दोन गोण्यांत भरला आणि घंटागाडीत टाकून आलो. मामींनी कौतुकही केलं. गाडीचं गाणं मामांना ऐकू गेलंच नाही. ते चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि ढिगाच्या ओल्या डागाकडे बघत उभे राहिले. "इथली माणसं कुठं गेली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि स्कूटर काढली. मला रागवले असते तर बरं झालं असतं.

चार गल्ल्या ओलांडून आम्ही घंटागाडी गाठली. मामा थेट मागे चढले. गाडीवरचा माणूस गांगरला. "अहो काका, उतरा! लय वास मारतोय तिथं!"

"माझी माणसं आहेत आत," मामा गोणी ओढत म्हणाले.

त्याने गोणीत डोकावून पाहिलं. पानावर एक गोगलगाय हळूहळू निघाली होती. तो गंभीर झाला. "ओला कचरा इकडं, सुका तिकडं, एवढंच आमाला सांगितलंय. जित्त्याचं कोनी काय बोललं नाय." मग त्यानेच दुसरी गोणी शोधून दिली.

परत आलो तर मुरमाची ट्रॉली फाटकाशी उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मामांनी कुणाकडेही न बघता दोन्ही गोण्या काठावर मोकळ्या केल्या आणि तिथेच मातीत बसले. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ढीग निपचित पडला होता. बऱ्याच वेळाने एक पान हललं. त्याखालून पाण्यात वाढणारं चतुर किड्याचं एक काळपट पिल्लू निघालं, आणि धडपडत पाण्याकडे चालू लागलं. मामी वाकल्या, मग उकिडव्या बसल्या.

"हा कुठं चाललाय?"

"घरी," मामा म्हणाले.

त्याच्यामागून दुसरं निघालं, मग गोगलगाई. तळात फरशी स्वच्छ दिसत होती, पण फरशीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ड्रायव्हर आत येऊन म्हणाला, "बाई, मुरूम कुठं टाकू?" मामींनी मानसुद्धा वर केली नाही. "गल्लीत खड्डे काय कमी आहेत?" त्या म्हणाल्या. त्या वर्षी आमच्या मामांच्या गल्लीत एकही खड्डा राहिला नाही. महिनाभरात बाळाला डास चावला नाही, याचं श्रेय मामी मच्छरदाणीला देतात आणि मामा गप्पी माशांना.

आता मामांचे गुडघे वाकत नाहीत. गेल्या दिवाळीनंतर पदर खोचून मामी तळ्यात उतरल्या आणि मामा काठावरच्या खुर्चीतून सूचना देत राहिले. तीन आठवडे, तीन भाग. झारा मामींनी स्वतःच आणला. घंटागाडी आली तेव्हा त्या ढिगापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा नाही. हा परवा."

परवा श्रावणातल्या एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. बेडकांचा गलका पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. मी फाटक लोटलं, कडी वाजली आणि तळं एकदम गप्प झालं. फाटक वाजवल्याची मला लाज वाटली. मामा खुर्चीत बसले होते. त्यांचे कान आता पूर्णच गेले आहेत, समोरच्याच्या ओठांवरून ते समजून घेतात. पाण्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ओरडतायत का गं?"

कुठे एवढासाही आवाज नव्हता. मामींनी मला डोळ्यांनीच थांबवलं. मग त्या मामांच्या पुढ्यात येऊन बसल्या, दोन्ही हात कानांवर दाबले, आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाल्या, "कान किटले माझे."

मामांनी समाधानाने मान हलवली.