जर्मन आजी आणि अल खौदची वादी

मी जात्याच घाबरट. लिफ्ट अडकेल, पासपोर्ट हरवेल, गॅस चालू राहिला असेल, अशा नाना भीती सांभाळत मी मस्कतमध्ये कितीतरी वर्षं काढली. त्यांची सवय झाली होती. पण दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराला एक नवीनच भीती मागे लागली, आणि ती घरात आणली चौथीतल्या माझ्या मुलीच्या प्रोजेक्टने.

विषय होता ‘देश सोडून गेलेली माणसं’. वर्गात चिठ्ठ्या उचलल्या आणि हिच्या चिठ्ठीत निघाले अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले जर्मन. मालवणकडच्या पोरीने ओमानमध्ये बसून विस्कॉन्सिनच्या जर्मनांचं काय करायचं, म्हणून मी बरीच चरफडले. मग कुरुमच्या आमच्या ऑफिसातला अमेरिकन इंजिनीयर आठवला. साठीला आलेला, लाल गालांचा, आणि नेमका विस्कॉन्सिनचा जर्मन.

चहाच्या वेळी तो भरभरून बोलला. त्याचे पूर्वज बोटीने आले, जंगल तोडून शेतं केली, गाई पाळल्या. चर्चमध्ये जर्मन, शाळेत जर्मन, वर्तमानपत्रंसुद्धा जर्मन. दोन पिढ्या सगळं सुरळीत चाललं. मग पहिलं महायुद्ध आलं आणि कालपर्यंतचे शेजारी संशयाने बघायला लागले. शाळांतून जर्मन गेली, कुणी आडनावं बदलली, लोक दारं लावून हळू आवाजात बोलू लागले. त्याची आजी तेव्हा तरुण होती. पुढे मुलं झाली तेव्हा तिने त्यांच्याशी जर्मनचा एक शब्द काढला नाही. उगाच त्यांना त्रास नको.

“आणि म्हातारपणी,” तो म्हणाला, “तिची इंग्रजी पुसून गेली. शेवटच्या दिवसांत ती फक्त जर्मन बोलायची. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे. कुणी पाणी दिलं, कुणी उशी सरळ केली. तिला काय हवं होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही.”

हे सांगून तो शांतपणे बिस्कीट बुडवून खायला लागला. मी मात्र कप तसाच खाली ठेवला. कारण त्याच वेळी अल खौदच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझे बाबा होते.

आई गेल्यावर मी त्यांना व्हिजिट व्हिसावर आणलं होतं. नवरा दूर इब्र्याला साइटवर, गुरुवारी रात्री यायचा. बाबांना मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिन. ते मालवणी बोलायचे, मुलगी इंग्रजी. आजोबांचं तिला निम्मं कळायचं, उरलेलं ती हसून साजरं करायची. हिच्या एकटीसमोर बाबांना काही झालं आणि त्यांनी काही मागितलं तर? त्या दिवसापासून ऑफिसात फोन वाजला की मी आधी घरचा नंबर आहे का ते बघायची.

आणि तो फोन आलाच.

त्या दिवशी पावसाचा इशारा होता, म्हणून शाळा बंद होती. डोंगरावर आभाळ काळं झालं तसं आम्हाला लवकर सोडलं. मी निघताना बाबांना कळवलं, “जेवाक येतंय.” ते खूश झाले. त्यांनी इंजेक्शन घेतलं आणि माझ्यासोबत जेवायचं म्हणून ताट न वाढता बसून राहिले. इकडे घर समोर दिसायला लागलं आणि वादी आली. एरवी वादी म्हणजे कोरडी, दगडगोट्यांची, बकऱ्या चरणारी जागा. डोंगरात पाऊस पडला की तीच भिंतीसारखी चाल करून येते. पोलिसांनी रस्त्यावर जीप आडवी लावली. अलीकडे गाड्यांची रांग, मध्ये मातकट पाणी आणि पलीकडे माझं घर.

“इन्शाल्ला, वन अवर,” शेजारच्या गाडीतला ओमानी माणूस म्हणाला आणि पाण्याचं शूटिंग करायला उतरला.

मी घरी फोन लावणार तेवढ्यात मुलीचाच आला.

“मम्मा, आजोबा दॅट गणपतीवालं करतायत. बट गणपती इज ओव्हर ना?”

मला काही कळेना. गणपतीवालं म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे पूजेनंतर घरातला वडीलधारा देवासमोर उभा राहून सगळ्यांसाठी मागणं मागतो, आणि त्याच्या दर वाक्याला बाकीचे मोठ्याने “व्हय म्हाराजा” म्हणतात. मुलीला मालवणीतलं नीट येणारं बहुधा तेवढंच होतं. दर वर्षी ती ते घसा फोडून म्हणायची.

“फोन त्यांच्याजवळ धर,” मी म्हटलं.

बाबांचा आवाज आला. जड, लडबडणारा, खोल विहिरीतून यावा तसा.

“हे बा देवा म्हाराजा... चेडू माझा खय रवला बघ रे...”

“व्हय म्हाराजा!” माझ्या मुलीने खणखणीत साथ दिली.

“हात थरथरतत रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“तोंडात कायतरी गोड घाल रे...”

“व्हय म्हाराजा!”

इन्सुलिन घेऊन पोटात अन्न नाही, बाबांची साखर उतरली होती. तो माणूस माझी वाट बघत साखर मागत होता, आणि माझी लेक त्याच्यासमोर फोन धरून, अगदी शहाण्यासारखी, नुसतं व्हय म्हणत होती. मी गाडीत किंचाळले. मराठी, इंग्रजी, जे तोंडात येईल ते. “शुगर! साखर! ज्यूस दे, ज्यूस! हळूहळू पाज, नाऊ!” फोन खाली पडल्याचा आवाज, धावणारी पावलं, फ्रिजचं दार. मग बराच वेळ काहीच नाही. मी काचेवर कपाळ टेकलं होतं. समोर नुसतं पाणी. ती आजी, तो पलंग, भोवती उभी माणसं. मला वाटलं, संपलं सगळं.

“मम्मा, ही इज ड्रिंकिंग. आता जेवायचं म्हणतायत.”

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ओमानी माणसाने खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली.

मी घरी पोचले तेव्हा बाबा आमटीभात जेवून खुर्चीत बसले होते. मुलगी त्यांच्या पायाशी प्रोजेक्टला जर्मन शेतकऱ्यांची चित्रं चिकटवत होती. मी तिला विचारलं, आजोबा काय म्हणत होते ते कळलं होतं का गं?

“नो. पण ते थांबत होते ना, सो आय सेड.”

बाबांना तिचं इंग्रजी कळलं नाही. ते आपल्याच नादात म्हणाले, “डोळ्यांपुढे काळोख इललो. पण कोण तरी व्हय म्हणत होता गो. म्हणान बोलत रवलंय.”

बाबा आता नाहीत. मुलगी मोठी झाली, दूर शिकायला गेली, मराठी तिची अजून अडखळतेच. माझी भीतीही आहे तिथेच आहे. कधीतरी माझीही इंग्रजी पुसून जाईल, मी पलंगावरून काहीतरी मागेन आणि तिला ते कळणार नाही. पण मी थांबले की ती व्हय म्हणेल. त्या जर्मन आजीला तेवढंही कुणी म्हटलं नव्हतं.