धाकटीची हरकत

थोरली जाऊ सलूनमध्ये केस कापायची, धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळायची. दोघींची घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार. दोघींच्या नवऱ्यांनी हौसेनं आणलेलं गेमचं यंत्र थोरलीच्या घरी धूळ खात पडलं, तेव्हा या दोघींनी ते पुसून घेतलं आणि मारामारीच्या खेळाला अशा चिकटल्या, की संध्याकाळचा चहा नवऱ्यांनाच टाकावा लागे.

मग थोरलीचा डावा अंगठा धरला. दिवसभर त्या हातात कंगवा, संध्याकाळी त्याच अंगठ्यानं कंट्रोलरवरची दिशेची बटणं दाबायची. डॉक्टर म्हणाले, मुळाशी सूज आहे, विश्रांती द्या. धाकटी रोज मलम चोळून द्यायची.

"ताई, तुम्ही बटण दाबत नाही, चिरडता. जरा हलक्या हातानं."

हलक्या हातानं खेळून थोरली हरू लागली. मग दोघींनी मिळून दांडीवाला कंट्रोलर आणला. अंगठा सुटला, पण मनगट कुरकुरू लागलं. शेवटी धाकटीनंच चपट्या डब्यासारखा एक कंट्रोलर शोधून काढला. त्याला दांडीच नव्हती. डावी, उजवी, वर, खाली, सगळ्या दिशांना वेगवेगळी बटणं, म्हणजे भार बोटांवर वाटला जाई. पहिले काही दिवस थोरलीची पडद्यावरची बाहुली उडी मारायच्या ऐवजी खाली बसायची आणि दोघी हसून लोळायच्या. हळूहळू हात बसला. दुखणं ओसरलं. आणि धाकटी रोज हरू लागली.

गेमच्या दुकानात स्पर्धा लागली, तेव्हा दोघींनी बरोबरच नाव घातलं. पोराटोरांना गारद करत दोघी अंतिम फेरीत समोरासमोर आल्या. थोरलीनं डबा मांडीवर घेतला. दुकानदारानं प्रत्येक फेरीआधी विचारायचा तसं नियमाप्रमाणे विचारलं, "स्वतःचा कंट्रोलर आहे. समोरच्याची हरकत?"

आतापर्यंत कुणीच घेतली नव्हती.

"आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीला वाटलं, चेष्टा करतेय. ती हसलीसुद्धा. पण धाकटी पडद्याकडेच बघत होती. दुकानदारानं साधा कंट्रोलर पुढे केला.

थोरलीनं तो मांडीवर आडवा ठेवून तर्जनीनं दिशा दाबून पाहिल्या, जमेना. अंगठा लावला, तशी कळ थेट कोपरापर्यंत गेली. धाकटीला तिचं दुखणं कुठे आहे ते नेमकं ठाऊक होतं. ती मुद्दाम सारखी उड्या मारून या बाजूची त्या बाजूला जाई, म्हणजे थोरलीला दिशा बदलत राहावं लागावं. डाव फार लांबला नाही.

घरी जाताना धाकटी म्हणाली, "खेळात कसली जाऊ नि कसलं काय, ताई. नियमातच होतं."

"नियमात होतं," थोरली म्हणाली. "पण हरकत होती तर नाव घालतानाच सांगायची होतीस. मी साध्यावर सराव केला असता."

"तुम्ही मनाला लावून घेताय."

थोरलीनं डब्याची पिशवी उजव्या हातात घेतली.

घरातलं येणं-जाणं तुटलं नाही. विरजण मागायला धाकटी येई, थोरली देई. नवऱ्यानं एकदा विचारलं, हल्ली खेळत नाही का तुम्ही दोघी? "तिला दुकानात काम वाढलंय," थोरलीनं सांगून टाकलं. धाकटीनंही तेच सांगितलं असावं, कारण दिरानं कधी विषय काढला नाही.

आता थोरली जेवणानंतर दार लावून ऑनलाइन खेळते, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी. डब्यावर बोटं छान पळतात. जिंकली की तिची मान अजून सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे वळते, आणि तिला स्वतःचाच राग येतो.