अझाता राणीच्या छपरावरचा धूर

हां, तर तो धूर. काल आपण तिथंच थांबलो होतो. उजाडायला आलंय, अझाता राणीच्या परसात आमतू म्हातारी ओल्या गोवऱ्यांवर फुंकर घालतेय, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि चुलीवरचं भांडं मात्र रिकामं.

काल ज्यांना डुलकी लागली त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. आमच्या गडावर राजघराण्यातल्या प्रत्येक घराची चूल सूर्य उगवताना पेटलेली असावीच लागे. अग्निपुजारी बुरुजावर उभा राहून एकेक छप्पर न्याहाळायचा. धूर नाही म्हणजे त्या घरात माणूस गेलं, कारण चूल आपण विझवतो ती फक्त सुतकात. आणि राणीनं तर गुपचूप एलदादचा देव धरलेला. एलदाद म्हणजे तो मणी विकणारा यहुदी. उंटावरून यायचा, मणी थोडे विकायचा आणि बोलायचा फार. त्याच्या देवाचा सातवा दिवस विसाव्याचा. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही.

राणी पेटवायची नाही, म्हणून आमतू पेटवायची. तिनं अझाताला माहेरी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि लग्नानंतर तिच्या मागोमाग गडावर येऊन तिच्याच चुलीशी बसली होती.

“काय बाई तुझा हा देव,” ती कुरकुरायची. “धडधाकट माणसाला गार भाकर खायला लावतो. त्यापेक्षा माझी नानायदेवी बरी. थोडा धूर दिला की गप्प बसते.”

“हळू बोल, मावशी. फर्नकभावजींचे कान सगळीकडे असतात.”

“त्यांचे कान त्या पुजाऱ्याच्या डोक्याला चिकटवलेत. कालसुद्धा त्यांच्याच घरी मेंढा ओरपत बसला होता मेला. दाढीला चरबी तशीच!”

राणी हसायची, पण पोटात भीती होतीच. राजा आजारी पडला होता, आणि वाचा जायच्या आधी त्यानं आपली शिक्क्याची अंगठी राणीच्या बोटात घातली होती. धाकट्या भावाला, फर्नकला, ती अंगठी हवी होती. राणीच्या हातून काही वावगं घडल्याशिवाय ती काढून घेता येत नव्हती. म्हणून तर पुजारी इतर छपरांकडे एकदा बघायचा आणि हिच्या छपरावर डोळे लावून बसायचा. हे आमतूला पक्कं ठाऊक होतं. तिच्या धुरावर पोरीचा जीव टांगलेला होता.

मग एके दुपारी आमतू पडद्याआड मसूर निवडत होती आणि पलीकडे एलदाद राणीला सातव्या दिवसाबद्दल सांगत होता. देवानं हा विसावा मालकाला दिला, तसा दासीला दिला, गोठ्यातल्या बैलालाही दिला. आमतूचा हात सुपातच थांबला. तिनं पडदा बाजूला केला.

“थांबा, थांबा. दासी म्हणालात? म्हणजे आमच्यासारखी?”

“अगदी तुझ्यासारखी.”

“आणि बैलही?”

“बैलही.”

“बघा! नानायला मी जन्मभर खीर वाढली. तिनं कधी विचारलं नाही, आमतू, घडीभर बसलीस का गं?”

आणि ती तिथंच सूप मांडीवर घेऊन रडायला लागली. पुढच्या पौर्णिमेला तिनं नदीत बुडी मारली आणि राणीच्या देवाची झाली. नाव मात्र तेच राहिलं, आमतू म्हणजे आमतनानाय, नानायची दासी. एलदादनं जरा डोकं खाजवलं आणि सोडून दिलं.

आता खरा पेच पडला. सातव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आमतू नेहमीसारख्या गोवऱ्या भिजवायला निघाली, तेव्हा राणीनं तिचा हात धरला.

“आता तूही नाही, मावशी. विसावा तुलाही आहे.”

“अगं, पण पुजारी?”

“राजे शेवटच्या घटका मोजतायत. सगळा गड तिकडे लोटलाय. छपराकडे कोण बघतंय? एकदा तरी झोप सकाळपर्यंत.”

आमतू नाही म्हणू शकली नाही. खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंच नव्हतं. ऊन अंगावर येईपर्यंत ती झोपली. जन्मात पहिल्यांदा.

जाग आली ती बुटांच्या आवाजानं. फर्नक चुलीशी वाकला होता, मागे पुजारी आणि शिपाई. त्यानं राखेत हात घातला आणि पुजाऱ्यापुढे धरला.

“गार आहे. दादा अजून श्वास घेतायत, आणि वहिनींनी त्यांचं सुतक धरलंय.”

“जित्या नवऱ्याची चूल विझवली,” पुजारी म्हणाला. “हे तर मरण मागणं झालं.”

आमतू फर्नकच्या पायाशी लोळली. “माझी चूक, सरकार! म्हातारी झाले, डोळा लागला. मी झोपले म्हणून चूल राहिली.”

शिपाईसुद्धा सुटल्यासारखे झाले. झोपाळू दासीला चार फटके बसले असते आणि राणी वाचली असती. फर्नकनं वळून विचारलं, “खरं का, वहिनी?”

आमतू तिच्याकडे बघत होती. हो म्हण, पोरी. एवढंच म्हण.

“झोपली होती खरी,” अझाता म्हणाली. “मीच सांगितलं होतं. आज आमचा विसाव्याचा दिवस आहे.”

तिनं स्वतःच अंगठी काढून चुलीच्या काठावर ठेवली. शिपायांनी तिला पश्चिमेच्या दरवाजाकडे नेलं, आणि त्या दरवाजानं गेलेलं माणूस परत येत नाही. जाता जाता ती एवढंच म्हणाली, “मावशी, लागली का गं छान झोप?”

राजाही गेला. फर्नक गादीवर बसला. आमतूला कुणी हातही लावला नाही. दासीवर कशाला वेळ घालवायचा? ती गडाखाली एका झोपडीत राहायला लागली. पुन्हा कधी कुणा देवाची खीर तिनं केली नाही, एलदादच्या देवाला सोडलंही नाही. फक्त सातव्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ती परसात तीन दगड मांडून ओल्या गोवऱ्या पेटवायची आणि वर रिकामं भांडं ठेवायची.

बऱ्याच वर्षांनी एलदाद पुन्हा आला. उंट गेला होता, दाढी पांढरी झाली होती. तो नेमका त्याच दिवशी दाराशी उभा राहिला. धूर बघून त्याचा चेहरा पडला.

“आमतू, अगं, नदीत बुडी मारलीस ना तू? राणीनं या दिवसापायी जीव दिला, आणि तूच तो मोडतेस?”

आमतूनं आणखी एक फुंकर घातली. धूर छपराच्या वर गेला, तशी ती डोळे पुसत उठली.

“धूर दिसतोय ना, दादा? मग या घरातलं कुणी गेलेलं नाही.”