पाठकोऱ्या कागदावरची वाट

आमच्या घरी या प्रकाराला ‘डबीला जाणं’ म्हणतात. खरं नाव जिओकॅशिंग. मुलाने परदेशातून पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कॅश म्हणजे काही पैशाचं प्रकरण असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवून ठेवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. बाकीच्यांनी ते आकडे धरून जायचं, डबी शोधायची, आत गुंडाळलेल्या कागदावर सही करायची, डबी होती तशी ठेवायची आणि ‘सापडली’ म्हणून नोंद करायची. झालं. बक्षीस नाही की काही नाही. आमच्या ह्यांना ते अजून पटलेलं नाही. आम्ही निघालो की पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, “चालल्या, दुसऱ्याची डबी बघायला.”

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या विहीणबाई. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी तिकडे, आम्ही दोघी इकडे नाशिकला, मी गंगापूर रोडला, त्या सातपूरला. दोन आया आपापल्या घरात गुडघे चोळत बसण्यापेक्षा एकमेकींना धरून चालतील, असा पोरांचा हिशेब. विहीण हे नातं तसं अवघडच. साडी कशी निघाली, पाहुण्यांना काही कमी पडलं नाही ना, यापुढे बोलणं सरकत नाही. डबीने ते सरकवलं. बसमध्ये शेजारी बसून माणूस किती वेळ मानपानाचं बोलणार? कधीतरी पायाच्या भेगांवर यावंच लागतं.

कामं आपोआप वाटली गेली होती. फोन त्यांच्याकडे, कागद माझ्याकडे. मुलगा डबीची माहिती पाठवायचा, ती मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायची आणि मग पाठकोऱ्या कागदावर माझ्या अक्षरात उतरवायची. लाइटबिलं, पत्रिका, पोरांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, एका बाजूने कोरं जे काही असेल ते मी टाकत नाही. त्यावर आकडे, खूण, कुठली बस, कुठे उतरायचं, सावली कुठे मिळेल. सातवीनंतर शाळा सुटली, पण अक्षराला कुणी नाव ठेवलं नाही अजून. मी वाचायचं, त्यांनी फोनमध्ये आकडे घालायचे आणि बाण दाखवेल तिकडे दोघींनी जायचं. घरी आलं की त्याच कागदाखाली काय काय झालं ते लिहायचं आणि रविवारी मुलगा फोनवर आला की वाचून दाखवायचं. नोंद तो तिकडून करायचा.

खरं सांगायचं तर मला आता कंटाळा येतो या फोनचा. गॅस फोनवर, बिल फोनवर, भाजीवाली सुद्धा म्हणते स्कॅन करा. ह्यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखलाही फोनवर निघतो. चेहरा समोर धरा, डोळे मिचकावा म्हणतो. हे मिचकावतात, तो म्हणतो पुन्हा मिचकावा. जिवंत आहे हे पटवता पटवता माणूस थकून जातो. त्या सगळ्यात डबी तेवढी कागदावर उरली होती.

मग चांदवड झालं.

उन्हाळा लागला होता, कांदा काढायचे दिवस. हायवेवर उतरून आम्ही बाणाच्या मागे आत शिरलो. बाण एका बांधाशी येऊन थांबला. खूण लिहिलेली होती, ‘मोठ्या दगडामागे’. आता तिथे सगळे दगडच. आम्ही वाकून वाकून बघतोय, तेवढ्यात वावरातून एक बाई आली, हातात विळा.

“काय हरवलं का मावशी?”

डबीचं बाहेर सांगायचं नसतं, म्हणजे कुणी काढून नेऊ नये म्हणून. विहीणबाईंचं उत्तर तयार असतं. “कानातलं पडलं हो.”

“सोन्याचं व्हतं का?”

“हो ना.”

तिने मागे वळून हाक मारली, “अगं या गं, मावशीचं सोन्याचं कानातलं पडलंय.” कांद्याची पात कापत बसलेल्या सगळ्या बाया उठल्या. विळे खाली ठेवले आणि आमच्याबरोबर दगड उचलायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने त्यातली एक विहीणबाईंकडे टक लावून म्हणाली, “मावशी, तुमच्या तं दोन्ही कानांत हाये.”

“माझं नाही, यांचं,” असं म्हणून विहीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी पटकन डोक्यावरून पदर घेतला. त्या उन्हात, दोन्ही कान झाकून, मी माझं न पडलेलं कानातलं किती वेळ शोधत होते देव जाणे.

शेवटी विहीणबाई बांधावर बसल्या. हसायला बसल्या असतील असं मला वाटलं, पण हसत नव्हत्या. तोंड उतरलं होतं आणि हात छातीशी धरला होता. ती पहिली बाई कळशीतलं पाणी घेऊन आली. “ऊन लय हाय, हलू नका,” म्हणाली. पाणी पिऊन झाल्यावर विहीणबाईंनी माझ्या हातातला कागद घेतला.

“हा नऊ आहे की एक?”

“नऊ.”

“म्हणजे इंग्रजी नऊ की मराठी एक?”

मी कागद लांब धरला, जवळ धरला. छापलेल्यावरून उतरवताना मी अर्धे आकडे इंग्रजीत आणि अर्धे मराठीत लिहिले होते. माझाच इंग्रजी नऊ मी मराठी एक म्हणून वाचला होता आणि त्यांनी तसाच घातला होता. दोन्ही सारखेच दिसतात, गोल आणि खाली शेपूट. मला स्वतःलाच सांगता येईना. डबी हायवेच्या पलीकडे राहिली, दीडेक किलोमीटर मागे. तिकडे गेलोच नाही. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मला एक टोमणा मारला नाही त्यांनी, आणि तेच मला लागलं. एरवी असं काही हातात सापडलं तर सातपूर येईपर्यंत पुरवून वापरतील अशी बाई.

त्या रविवारी मुलाऐवजी सून फोनवर आली. “आई, आता कागद सोडा. आपण पेपरलेस करू. सगळ्या डब्यांची माहिती फोनमध्येच उतरवून ठेवायची, नेट नसलं तरी दिसते. आकडे घालायला नकोत, काही नको. नोंदही तिथल्या तिथे, नुसतं बोलायचं.”

“तुझ्या आईने सांगितलं का?”

“अहो आई, सगळे तसंच करतात आता.”

म्हणजे सांगितलं होतं. मी बरं म्हटलं. मला राग आला नाही, दमल्यासारखं झालं. कागद गेला म्हणजे माझं वाचायचं गेलं, रविवारचं वाचून दाखवायचंही गेलं. मग मी बरोबर जाऊन करायचं काय? फोन त्यांचा, बाण त्यांचा, बोलायचं त्यांनीच. आज बोलावतील, उद्याही बोलावतील, पण परवा त्यांच्या कॉलनीतली कुणी तरणी बाई मिळाली तर मला कशाला विचारतील? महिन्यातल्या त्या दोन-तीन सकाळी सोडल्या तर माझ्याकडे दुसरं आहे काय? ह्यांचा चहा, ह्यांच्या गोळ्या. डबीचं मला कधीच काही नव्हतं. मला त्या सकाळी हव्या होत्या आणि आता त्या जाणार असं दिसत होतं.

पेपरलेसची पहिली डबी आम्ही गंगापूर धरणाच्या रस्त्याला काढली. म्हणजे त्यांनी काढली. फाट्यावर बसमधून उतरलो, फोन पुढे धरून त्या चालल्या, मी मागे. चुकणं नाही, विचारणं नाही. बाण नेईल तिथे गेलो, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याच्या फटीत हात घातला आणि डबी बाहेर. मी पिशवीतली पाण्याची बाटलीही उघडली नव्हती अजून.

डबीत कागदाची गुंडाळी होती, दमट झालेली. त्यावर सही करायची.

“पेन द्या,” विहीणबाई म्हणाल्या.

“माझ्याकडे कुठलं?”

“नेहमी असतं की.”

“ते कागदांच्या पिशवीत असतं. आपण पेपरलेस ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघींनी पर्सा उलट्या केल्या. रुमाल, लवंगा, बामची डबी, कुणाच्या तरी हळदीकुंकवातली खडीसाखर. पेन नाही. फोनमध्ये सगळं आलं होतं, सहीपुरतं तेवढं कागदावर अडलं होतं. शेवटी मी कपाळावरची टिकली काढली आणि त्या कागदावर चिकटवली. विहीणबाईंनी त्यांची काढली. माझी मोठी मरून, त्यांची बारीक काळी. वरती लोकांच्या झोकदार इंग्रजी सह्या आणि खाली आमच्या दोन टिकल्या.

मग नोंद. त्या फोनसमोर उभ्या राहून सभेत बोलतात तशा बोलल्या, “डबी सापडली. पेन विसरल्यामुळे सही म्हणून टिकल्या लावल्या आहेत.” फोनने लिहिलं, ‘दही म्हणून टिकल्या लावल्या आहेत.’ मी म्हटलं दुरुस्त करा. त्या म्हणाल्या, “राहू द्या. ज्याची डबी आहे त्याला कळू दे आपण नाशिकच्या आहोत.” त्यात नाशिकचं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

फाट्यावर येऊन बसची वाट बघत बसलो. अकराही वाजले नव्हते. एरवी या वेळेला आम्ही अजून कुणाला तरी रस्ता विचारत असायचो.

“लवकर झालं,” मी म्हटलं.

“हो.”

“आता तुम्हाला माझी गरज नाही म्हणा. फोन सगळं सांगतो.”

मला बोलायचं नव्हतं, निघून गेलं.

“विहीणबाई, मला आता वाट चुकणं झेपत नाही,” त्या म्हणाल्या. “चांदवडला त्या बांधावर मला वाटलं, इथंच राहते की काय. डॉक्टर म्हणतात चाला, पण जपून, दम लागेल असं नको. आणि आपण तर निम्मं चुकीच्याच रस्त्याने चालतो. म्हणून मुलीला म्हटलं, ते फोनमधलं काय असेल ते करून दे.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगून? तुम्ही म्हणाला असता, घरी बसा, आराम करा, डबी गेली खड्ड्यात. तुम्ही पडलात माझ्या मुलीच्या सासूबाई. तुमचा शब्द मोडता येतो का मला?”

हा टोमणा होता. चांदवडचा राहिलेला, इतक्या दिवसांनी आला होता.

बरं वाटलं म्हणावं तर तसंही नाही. आपल्याला वाटावं की माणूस आपल्याला सोडून पुढे निघालंय, आणि त्याला मात्र पुढे जायचा दमच नसावा. मी कागदाचं दुःख धरून बसले होते आणि ही बाई छातीशी हात धरून. दोघी त्याच सकाळींसाठी धडपडत होतो आणि दोघींनी एकमेकींना सांगितलं नव्हतं. या वयात सांगायचा सुद्धा कंटाळा येतो, हेही खरंच.

“पुढच्या वेळी पेन मी आणते,” मी म्हटलं.

“आणा. आणि टिकल्यांचं पाकीट पण. उघडं कपाळ घेऊन गेलात तर तुमचे हे म्हणतील, विहिणीने लुटलं.”

वळणावर बस दिसली. मी उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

“एवढ्या लवकर घरी जाऊन काय करणार आहात?”

“चहा. गोळ्या.”

“मग बसा.”

बस हळू झाली. ड्रायव्हरने मान वाकवून आमच्याकडे बघितलं. विहीणबाईंनी हात हलवून त्याला पुढे जा म्हटलं आणि पर्समधून खडीसाखर काढून निम्मी माझ्या हातावर ठेवली.