पुढे सरकवलेलं ताट

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी विनाकारण चिडचिड करू लागलो की बायको म्हणते, "आलं वाटतं तुमचं चर्च डोक्यात." मी बडोद्याच्या नागरवाड्यात वाढलेला, देव्हाऱ्यापुढे हात जोडण्यापलीकडे धर्माच्या वाटेला न गेलेला माणूस. पोलीस खात्यात उभी हयात काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पाठ सोडत नाही ती मात्र एका अपघाताची साधी फाइल.

तेव्हा मी गोत्रीच्या बाजूला इन्स्पेक्टर होतो. दिवेलागणीला ठाण्यात फोन आला की कॅनॉलच्या रस्त्यावर एक स्कूटरवाला पडला आहे आणि उडवणारी गाडी निघून गेली आहे. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. दवाखान्याच्या दारात तो थांबला. माणूस कारखान्यात फिटर होता. नगरकडून नोकरीसाठी बडोद्यात आलेलं मराठी ख्रिस्ती कुटुंब. बायको बालवाडीत शिकवायची, पदरात एक लहान मुलगी. डॉक्टरांनी जबाबात स्पष्ट सांगितलं की थोडं आधी आणला असता तर वाचण्याची आशा होती.

पंचनाम्यात दिव्याच्या काचेचे तुकडे मिळाले आणि स्कूटरला लागलेला पांढरा रंग. आता बडोद्यात पांढरी गाडी शोधायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा. त्या पट्ट्यात कॅमेरा नव्हता. शहरातली गॅरेजं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. फाइल हळूहळू 'अ समरी'कडे निघाली. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, कागद बंद.

त्या बाई जबाबासाठी, विम्याच्या कागदांसाठी ठाण्यात यायच्या तेव्हा त्यांच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ त्यांना आपल्या गाडीतून आणायचे. बाई त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून मीही इथे तसंच म्हणतो. दोन्ही घरं एकाच चर्चची, एकाच गावाकडची. मुलीला शाळेत सोडणं, गॅस सिलिंडर चढवणं, सगळं भाऊजींनी अंगावर घेतलं होतं. अंत्यविधीला शवपेटीला पहिला खांदा त्यांचाच होता, असं बाई मला कौतुकाने सांगायच्या.

मग एक निनावी फोन आला. बाईंच्या सोसायटीतलंच कोणीतरी होतं. "साहेब, पेलो भाई रोज आवे छे एना घेर. जरा तपास करो ने." पुढे जे सुचवलं ते लिहीत नाही. एकट्या बाईच्या घरी पुरुष रोज येतो म्हटल्यावर लोकांना कादंबरी सुचायला वेळ लागत नाही. पण पोलिसालाही ती वाचावी लागते. नवऱ्याला वाटेतून दूर केलं असेल, तर हा अपघात नव्हे, खून होता.

भाऊजींना बोलावलं. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "तुमचं आणि त्या बाईंचं काय आहे?"

माणूस संतापायला हवा होता. तो संतापला, पण बाईंच्या बाजूने. "साहेब, मला काय म्हणायचं ते म्हणा. वहिनींवर चिखल उडवू नका. त्या मला धाकट्या बहिणीसारख्या आहेत." त्यानंतर मी विचारेन त्याला तो उत्तर देत गेला. किती वाजता जाता, कुठे बसता, आणखी कोण असतं. न अडखळता, अगदी बारीकसारीक. आमचे जमादार बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, आ तो बहु सीधो माणस छे."

सरळ होताच. तरी मला चैन पडेना. चुकीच्या संशयावर धरलेला निरपराध माणूस सुटायची घाई करतो. हा मात्र तो चुकीचा प्रश्न संपूच नये अशा थाटात बसला होता.

बाईंकडे गेलो. भाऊजींबद्दल विचारताच त्या भडकल्या. "साहेब, जग वाटेल ते बोलू दे, तुम्ही तरी बोलू नका. अहो, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलंय. आमचे हे गेल्यापासून त्यांनी प्रभुभोजन घेतलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट बाकावरून फिरतं, भाकरीचे तुकडे, द्राक्षरस. भाऊजींपाशी आलं की ते खाली मान घालून पुढे सरकवतात. चर्चच्या पाळकसाहेबांनी किती समजावलं."

मला त्यांच्या रीतीभातीतलं काही कळत नव्हतं. मी सहज विचारलं, "दुःख असलं की घेत नाहीत का?"

"नाही हो, दुःखात तर आवर्जून घेतात. ज्याचं कोणाशी वाकडं आहे किंवा ज्याच्या हातून काही घडलंय आणि ते कबूल केलेलं नाही, तो..."

बाई बोलता बोलता थांबल्या. ओट्यावर भाऊजींनीच सकाळी आणून दिलेली भाजी पडली होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, हे त्यांना नाही विचारलं तर चालेल का?"

नवरा गेलेला, माहेर दूर, शेजारी फोन करणारे. उरलेला एक आधार होता आणि तोही मी काढून घेणार होतो. फाइल बंद होतच आली होती. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलायला आमच्याशिवाय कोणी नसतं. मी म्हणालो, "नाही चालणार, ताई."

भाऊजींना पुन्हा समोर बसवलं. मी एवढंच विचारलं, "ताट पुढे का सरकवता?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. त्या संध्याकाळी गाडी तेच चालवत होते, त्यांची मुलं मागे बसली होती. धडक बसली, मुलं किंचाळली, यांचा पाय ब्रेकवर यायच्या ऐवजी ॲक्सिलरेटरवरच गेला. कोणाला उडवलं हेही ठाऊक नव्हतं. घरी पोचतात तोच मंडळीतून फोन आला, 'लवकर या, आपल्या भाऊंचा अपघात झालाय.' दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी शहराबाहेर करजणला मेव्हण्याकडे नेली आणि तिथल्या गॅरेजात दिवा आणि बंपर बदलून घेतला. आम्ही तिथे जाऊन खात्री केली, जुना बंपर मागच्या अंगणात पडलेला मिळाला. आणि ती गाडी, जी आम्ही गावभर शोधत होतो, ती बाईंना घेऊन आमच्याच आवारात कडुलिंबाखाली उभी राहायची! मी स्वतः एकदा तिला टेकून फोनवर बोललो होतो.

कबुली दिल्यावर त्या रात्री भाऊजी कोठडीत गाढ झोपले. पहाऱ्यावरच्या शिपायाला नवल वाटलं, मला वाटलं नाही. त्यांनी न्यायालयातही गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली.

माझी फाइल निकाली निघाली. बाई काही कागद परत न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, "आता कशा आहात?"

"ते तुरुंगात प्रभुभोजन घेतात म्हणे," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब आत जाऊन देतात. आता ताट मी पुढे सरकवते. धडक बसली हे मी समजू शकते साहेब, कोणाच्याही हातून होईल. पण ते थांबले नाहीत. आणि मग माझ्याच घरी येऊन भाजी ठेवत राहिले."

त्यांच्या हातात डबा होता. कोणासाठी म्हणून विचारलं, तर भाऊजींच्या बायकोला ताप होता, तिच्या पोरांसाठी.

मी चक्रावलो. "माफ केलंत म्हणा की."

"नाही केलं. खोटं कशाला बोलू?" त्या जरा चिडूनच म्हणाल्या. "एकमेकांवर प्रीती करा असं सांगितलंय. मन येईपर्यंत थांबा असं नाही सांगितलेलं. हात तर माझे आहेत, डबा भरतात."

एकाचं ओझं उतरवून मी ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, हे मला तेव्हा लागलं आणि अजून लागतं. माणूस अपराध लपवून इतका चांगुलपणा करू शकतो, आणि मनात राग धरूनही इतकी माया करू शकतो. यातला कोणता खरा हे मला विचाराल तर मी चिडेन. दोन्ही खरे होते. खात्याने आम्हाला माणसं ओळखायला शिकवलं, पण एवढं शिकवलं नव्हतं.

भाऊजी सुटून आले. पुढच्या पहिल्या रविवारी मी साध्या कपड्यांत त्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, राहवलं नाही. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये वाट. भाऊजी वाटेच्या कडेला बसले होते. त्यांच्या बरोबर समोर, पलीकडच्या कडेला, बाई.

बायकांच्या रांगेतून ताट फिरत शेवटी बाईंकडे आलं. त्यांनी त्यातलं काही घेतलं नाही. त्या उठल्या, वाट ओलांडून गेल्या आणि भाऊजींच्या पुढ्यात ताट धरलं. ते हात पुढे करीनात. सगळी मंडळी बघत होती. ताटातले छोटे पेले किणकिणत होते.

"घ्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "हात भरून आलेत माझे."

त्यांनी घेतलं. बाई रिकाम्या तोंडाने आपल्या जागी येऊन बसल्या.