काढायचा राहिलेला पट्टा

आमच्याकडे मांजरी आली ती सासूबाईंच्या मागोमाग. गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी एक कोळीण टोपली घेऊन बसायची. सासूबाई विधवा झाल्यापासून मासळीला शिवत नसत, पण आमच्यासाठी निवडायला मात्र त्याच जायच्या. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. एक दिवस त्या बोंबील घेऊन जिना चढल्या आणि मागून एक करडं पिल्लू शेपटी ताठ करून सरळ वर आलं. त्यांनी हुसकलं, ते पुन्हा आलं. शेवटी त्यांनी एक बोंबील त्याच्यापुढे टाकला आणि मला म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू दे." मग ती राहिलीच.

सासूबाई करड्या स्वभावाच्या. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पोरवयच होतं माझं, आणि पहिली दोन-तीन वर्षं मी त्यांच्याशी खाली मान घालूनच बोलले. स्वतःकडून काही चुकलं असं त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. आमटी खारट झाली तर त्या दिवशीचं मीठच खारट असायचं. पण मांजरीशी त्या वेगळ्या आवाजात बोलायच्या. दुपारी सगळं आवरलं की तिला पुढ्यात घेऊन तिच्या कानामागे खाजवत बसायच्या आणि म्हणायच्या, "बाई गं, दमलीस का हिंडून?" तो आवाज मी चोरून ऐकायची. कधी कधी मला तिचा हेवाही वाटायचा.

पट्ट्याची गोष्ट निघाली ती शेजारच्या मास्तरांमुळे. आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, एक वयस्कर मास्तर एकटे राहायचे. नोकरी संपली होती, बायको कधीच गेली होती. त्यांनी लाल मुनिया पाळल्या होत्या. पिंजरा गॅलरीत टांगलेला असे आणि सकाळी त्यांची चिवचिव आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायची. एका सकाळी चिवचिव थांबली. मी बाहेर येऊन पाहते तो मांजरी पिंजऱ्याला लटकलेली आणि तिचा पंजा गजांच्या आत. मास्तर धावत आले, तोवर एक मुनिया गेली होती.

मास्तर ओरडले नाहीत. मेलेला पक्षी ओंजळीत घेऊन आमच्या दाराशी उभे राहिले आणि ह्यांना म्हणाले, "तिला मारू नका. तिचा तो धर्मच आहे. फक्त गळ्यात एक घुंगरू बांधा, म्हणजे ती आली की मला कळेल."

घरात त्यावर चांगलाच वाद झाला. हे एका व्यापारी पेढीत कारकून होते आणि फोर्टात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात त्यांनी चामडी पट्टा घातलेलं मांजर पाहिलं होतं. "तसा पट्टाच आणतो," हे म्हणाले.

"कातडं? माझ्या स्वयंपाकघरात?" सासूबाई म्हणाल्या. "आणि मुळात पट्टा हवाय कशाला? जनावराच्या गळ्यात कोणी काही बांधतं का?"

"बैलाच्या गळ्यात बांधतोच ना आपण?"

"बैल गोठ्यात उभा असतो. ही भिंतीवरून उड्या मारते."

"मग हिला वाडीबाहेर सोडून येऊ? मास्तरांचे पक्षी रोज मरू द्यायचे का?"

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "धोतराचा काठ आहे का गं एखादा जुना? शीव तूच. तुझा टाका बरा असतो."

त्यांनी माझ्या कशाला तरी बरं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी काठ दुपदरी घेतला, दुहेरी दोऱ्याने बारीक टीप घातली आणि पितळेचं एक लहान घुंगरू अडकवलं. दोन बोटं आत जातील इतका सैल ठेवला. मांजरीने दिवसभर मागच्या पायाने तो ओरबाडला, ती जमिनीवर लोळली, पण माझी टीप उसवली नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. हळूहळू तिला त्याची सवय झाली, मास्तरांचे पक्षी वाचले, आणि वाडीतली पोरं घुंगराच्या आवाजावरून तिला ओळखायला लागली.

पुढे मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आधी मांडवीकडे आहे असं ऐकलं, मग भुलेश्वर, मग आमच्या मागच्या गल्लीत. एकेक बिऱ्हाड कुलूप लावून निघून जाऊ लागलं. आमच्या जिन्याखाली मेलेले उंदीर दिसले त्या दिवशी ह्यांनी ठरवलं की आपणही निघायचं. पेढीचा शेठ केव्हाच गावी गेला होता. सासूबाईंच्या भावाचं घर अलिबागेजवळ होतं, तिथे जायचं ठरलं. पण मामांचा निरोप आला होता की माणसं या, मुंबईतलं जनावर मात्र आणू नका, गाव घाबरलंय.

तेव्हा मांजरीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. मास्तर जाणार नव्हते. "या वयात कुठे जाऊ? आणि पक्ष्यांना कोण बघणार?" ते म्हणाले. "मी तिला दूधभात घालीन. तुम्ही निश्चिंत जा."

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मांजरीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "कात्री आण. पट्टा काढून टाकू."

"का काढतेस?" ह्यांनी विचारलं.

"तिला आता पोट भरायला शिकार करावी लागेल. घुंगरू वाजलं तर काय हाती लागणार तिच्या?"

"मास्तर घालणार आहेत ना दूधभात? आणि घुंगरू हवं तर काढ, पण पट्टा राहू दे. लोक किती बिथरलेत बघतेस ना? भटकं मांजर दिसलं की धोंडा घालतात. गळ्यात पट्टा असला तर घरचं आहे हे तरी कळेल. कुणी घास टाकेल."

हे बोलले त्यात खोटं काही नव्हतं. समोरच्या वाडीत तसं झालेलं आम्ही पाहिलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटत होतं. मीही म्हणाले, "राहू द्या. आपली म्हणून काहीतरी खूण असू दे तिच्या अंगावर." मी घुंगरू तेवढं कापून काढलं. सासूबाईंनी पट्ट्यात बोट घालून पाहिलं आणि तिला खाली सोडलं. आम्ही जिना उतरलो तेव्हा ती कठड्यावर बसली होती. खाली घोडागाडीत बोचकी चढत होती आणि सासूबाईंनी वर पाहिलं नाही.

भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. अर्धी खाडी ओलांडून झाल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "काढायला हवा होता." ह्यांनी ऐकलं आणि बोचक्याची गाठ पुन्हा आवळली.

मामांकडे आम्हाला काही कमी नव्हतं. मोकळी हवा, नारळाची वाडी, घरची दुभती म्हैस. पण म्हशीचं दूध वाटीत आलं की सासूबाई ती वाटी सरकवून ठेवायच्या. मामींना वाटलं, त्यांना अन्न जात नाही. मला कारण ठाऊक होतं. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या आमच्या वाडीची हकिगत विचारायच्या आणि बोलता बोलता मांजराचंही विचारायच्या. लोक मेलेल्या माणसांचे आकडे सांगत होते, त्यात मांजराचं विचारणाऱ्या बाईकडे ते विचित्र नजरेनं बघायचे. मलाही लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून आणखी वाईट वाटायचं.

वैशाख सरता सरता ताप ओसरला आणि आम्ही परत आलो. वाडीत चुन्याचा वास होता. कित्येक दारांवर, आत ताप सापडला की काढत तशा, लाल रंगाच्या खुणा होत्या. मास्तरांच्या दारावरही होती, आणि दाराला बाहेरून कुलूप. पिंजरा गॅलरीत होता. त्याचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं.

खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "मास्तरांना तपासणीची सरकारी माणसं छावणीत घेऊन गेली. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. नुसता साधा ताप होता म्हणतात, पण ऐकतंय कोण? जाता जाता पिंजरा उघडला बिचाऱ्यांनी."

"आणि आमची मांजरी?" सासूबाईंनी विचारलं.

"कोण जाणे. त्यानंतर आम्हीही शिवडीला झोपडीत राहात होतो. कालच आलो."

म्हणजे आम्ही पाठ फिरवल्यावर काही दिवसांतच तिला घास घालणारं कोणी उरलं नव्हतं. सासूबाईंनी बोचकं सोडलं नाही, चूल पेटवली नाही. त्या जिन्याखाली गेल्या, विहिरीमागे गेल्या, बंद पडलेल्या तबेल्यात शिरल्या. "बाई गं, ये गं," अशी हाक मारत त्या फिरत होत्या आणि मी त्यांच्या मागून. चारचौघांत त्यांचा तो आवाज मी प्रथमच ऐकत होते.

ती तबेल्यात सापडली. गवताच्या जुन्या भाऱ्यामागे. आधी मला ती ओळखूच आली नाही, इतकी वाळली होती. उपासाने अंग उतरलं तसा पट्टा सैल झाला होता, आणि कधीतरी तिचा पुढचा एक पाय त्यातून आत गेला होता. मग तो बाहेर निघेना. काठ काखेत रुतून मांस उघडं पडलं होतं. ती तीन पायांवर उभी राहिली, आम्हाला बघून फिस्कारली आणि तरीही पळाली नाही.

सासूबाईंनी तिला पदरात गुंडाळून दाबून धरलं. मी कात्रीने पट्टा कापला. माझी टीप तेव्हाही शाबूत होती, काठ कापावा लागला. मांजरीने सासूबाईंच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे काढले, पण त्यांनी पकड सोडली नाही. पट्टा निघाल्यावर त्या म्हणाल्या, "चुकलं गं माझं. चुकलं." मला नाही, मांजरीला.

हे दारात उभे होते. म्हणाले, "चूक माझी आहे. ठेव म्हणून मी म्हटलं."

"शिवला मी," मी म्हणाले. "आणि राहू द्या असं मीही म्हटलं."

"कात्री मीच मागितली होती," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं गप्प बसा."

पुढे चार दिवसांनी मास्तर परत आले. त्यांचा ताप गाठीचा नव्हता हे छावणीत कळायला बराच काळ गेला, आणि मग अशक्त म्हणून ते बहिणीकडे राहिले होते. खांद्यावर पंचा, अंगात फक्त हाडं. त्यांनी स्वतःच्या दाराचं कुलूपही काढलं नाही, आधी आमच्याकडे आले. "मांजर आहे का?" त्यांनी विचारलं. ह्यांनी आत बोट दाखवलं. कोपऱ्यात ती पाय चाटत पडली होती. मास्तर बघत राहिले. "मी शब्द दिला होता तुम्हाला," ते म्हणाले. "नेत होते तेव्हा मी कुणाला तरी सांगायला हवं होतं. पक्ष्यांचं सुचलं, हिचं नाही सुचलं."

सासूबाई तोवर मास्तरांशी कधी थेट बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं तर मला पुढे करायच्या. त्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला धरून नेत होते. तुम्ही काय करणार होता? बसा, पेज घ्या."

जखम हळद-तुपाने भरून आली. पाय मात्र किंचित आखडलेला राहिला. मांजरी आमच्याकडे जेवायची, पण सासूबाईंच्या मांडीवर पुन्हा बसली नाही. मानेकडे हात नेला की अंग चोरून निघून जायची. दुपारी ती मास्तरांच्या उंबऱ्यावर जाऊन झोपू लागली. मास्तरांनी पुन्हा पक्षी आणले नाहीत. सासूबाई रोज तिथेच तिची वाटी नेऊन ठेवायच्या. एकदा मी म्हणाले, "मी ठेवून येते ना." तर म्हणाल्या, "नको. मीच जाते." त्यांना ती जवळ यायला हवी होती आणि ती येत नव्हती, हे त्या रोज जाऊन पाहात होत्या. मला ते बघवत नसे.

दीड-दोन वर्षांनी तिला पिल्लं झाली. त्यातलं एक माझ्या धाकट्या नणंदेने मागितलं. तिचं सासर दादरला होतं, भोवती माडांच्या वाड्या आणि मोकळी रानं. "वहिनी, एवढं मोठं आवार आहे आमचं," ती म्हणाली, "हे हरवलं तर? गळ्यात काहीतरी बांधून दे ना. तू छान शिवतेस."

मी सासूबाईंकडे पाहिलं, त्या तांदूळ निवडत होत्या. नाही म्हणावं तर पिल्लू हरवायचं भय, हो म्हणावं तर ते दुसरं. मग मी फडताळातून वातीचं कच्चं सूत काढलं, एकच पदर घेतला आणि पिल्लाच्या गळ्याभोवती सैलसर बांधला.

सासूबाई उठल्या. त्यांनी सुतात करंगळी अडकवून हलकीशी ओढ दिली. सूत तुटलं. त्यांनी तुटलेला तुकडा नीट पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"असंच दुसरं बांध," त्या म्हणाल्या. "आणि हिला सुताची एक अख्खी गुंडी दे बरोबर. रोज तुटेल, रोज बांधेल."

नणंद हसली, तिला वाटलं आई थट्टा करतेय. सासूबाई पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.