चळवळीची दुर्बीण

सुरुवातीलाच सांगते. माझ्या आत्येबहिणीला आफ्रिकेच्या जंगलात जायला मिळतंय, मला मिळत नाही, आणि याचा मला राग आहे. हा राग सामाजिक नाही. सामाजिक राग मी चांगला ओळखते, त्याच्यावर पत्रकं लिहिते. गोदावरीतून वाळू उपसून नेणाऱ्यांवर मी लिहिलंय. युरियाची गोणी हवी असेल तर सोबत नको असलेली औषधाची बाटलीही घ्या, या लिंकिंगच्या दादागिरीवर लिहिलंय. बाजारच्या दिवशी सोनपेठच्या एसटी स्टँडवर उभं राहून ती पत्रकं हातोहात वाटलीत. तो राग बाहेर पडतो, मग जेवण जातं, झोप लागते. हा राग बाहेर पडत नाही. तो आत बसून माझंच खातो.

आत्येबहिणीला मी अक्का म्हणते. ती माझ्याहून एका पावसाळ्यानं मोठी. प्रत्येक सुटीत मी आत्याकडे चारठाण्याला असायचे आणि दुपारभर आम्ही दोघी टीव्हीवर प्राण्यांचं चॅनेल लावून पडायचो. नीट सांगायचं तर मी बघायचे आणि अक्का झोपायची. सिंहीण गवतात दबून पुढे सरकायची, मी श्वास धरून बसायचे, आणि जाहिरात लागली की आवाजानं अक्का जागी व्हायची. डोळे चोळत विचारायची, "मेलं का?" एवढाच तिचा आणि आफ्रिकेचा संबंध.

पुढे तिचं लग्न सोनपेठला झालं. दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, कृषी सेवा केंद्र आहे. लिंकिंगविरुद्धची पत्रकं मी त्यांच्याही दुकानासमोर वाटली, नातं बघितलं नाही. दाजींनी मला आत बोलावून चहा पाजला. एक पत्रक मागून घेतलं आणि काउंटरच्या काचेखाली सरकवलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, "वाचा, वाचा. आमच्या मेहुणीनं लिहिलंय. आमच्याच इरोधात हाय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दिवाळीच्या सुमारास कंपनीनं दाजींना टूर दिली. विक्री चांगली केली की दुकानदाराला जोडीनं परदेशात फिरवून आणायची कंपन्यांची पद्धत आहे. फिरतो दुकानदार, पण ती सहल त्या गळ्यात मारलेल्या बाटल्यांमधून निघते, हे मी आजही छातीठोकपणे म्हणते. बाकीचे दुकानदार दुबईला निघाले. दाजींनाही दुबईच हवी होती. अक्का मात्र म्हणाली, आफ्रिका. तीही गर्दीची, सगळे जातात ती नाही. टांझानियाच्या दक्षिणेकडचं, जिथं रस्ता संपतो आणि छोटं विमान मातीच्या पट्टीवर उतरतं, तसलं लांबचं रान.

"तुला गं कशाला पाहिजे आफ्रिका?" मी फोनवर विचारलं.

"तूच तर दाखवलीस ना लहानपणी."

माझं वेड ती झोपेत उचलून घेऊन गेली होती.

कंपनीनं ज्याच्याकडे टूर सोपवली होती, त्या परभणीच्या टूरवाल्याला दुबईच्या पुढचं काही माहीत नव्हतं. त्यामुळे सगळं ठरवायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजीत पत्रव्यवहार करणारी घरात मी एकटी. शिवाय अक्का एक वाक्य बोलून गेली होती: "दाजी नको म्हनले तर तूच चल माझ्यासंगं. दोघांची सोय हायच की." ते वाक्य तिनं सहज टाकलं असेल. मी ते उचललं आणि त्याच्यावरच सगळं बांधलं. दाजी नको म्हणाले, तर मी जाणार होते.

आता पत्रक म्हणजे काय, ते सांगते. पत्रकात खोटं लिहायचं नसतं. खरंच लिहायचं, फक्त कुठलं खरं आधी घ्यायचं ते आपण ठरवायचं. वाचणारा शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत त्याच्या हातापायाला मुंग्या आल्या पाहिजेत. मी दुकानात गेले, दाजींसमोर स्टूल ओढून बसले आणि तोंडी पत्रक सुरू केलं.

"या पुढारीणबाई," दाजी म्हणाले. "सांगा, तिकडं काय काय हाय."

"तिकडं नेटवर्क नाही, दाजी. एकदा विमानातून उतरलात की फोन बंद."

"बंद?" दाजी पुढे झुकले. "म्हणजे कंपनीवाल्याचा फोनच येनार न्हाई?"

"कुणाचाच नाही."

"अगं ऐकलीस का," त्यांनी दुकानामागच्या घरात अक्काला हाक मारली, "तिकडं कंपनीचा फोन लागत न्हाई म्हणं!" हे त्यांनी पेढे वाटावेत अशा आवाजात सांगितलं.

मी पुढचं काढलं. राहायला खोली नाही, तंबू. तंबूला कुंपण नाही. अंधार पडला की बंदूकवाला सोबत असल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण हत्ती तंबूच्या दोऱ्यांना अंग घासत जातात. दाजी म्हणाले, आमच्या उसात रानडुकरं शिरतात तेव्हा आमाला कोण बंदूकवाला देतंय? मी सांगितलं, विमान इतकं लहान असतं की पेटी चालत नाही, मऊ पिशवीच लागते, आणि सामानाबरोबर माणसाचंही वजन विचारतात. दाजींनी पोटावर हात फिरवला. "गोणीचा काटा हाय की आपल्याकडं," म्हणाले आणि खरंच उठून काट्यावर उभे राहिले. गिऱ्हाईक हसायला लागलं. आकडा बघून दाजीही हसायला लागले. मी सोडून सगळे हसले.

मग मी फोनवर तिकडच्या एका जनावराचा फोटो दाखवला. काळपट, खांद्यात उंच, दाढीवालं, हजारोंनी फिरणारं.

"हे तर रोहीच की!" दाजी म्हणाले. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात.

"मग सांगा," मी संधी सोडली नाही, "इथं तुम्ही फटाके लावून रोही हाकलता. आणि हजारो मैल जाऊन तसलंच जनावर बघणार?"

मला वाटलं, लागलं. पण दाजी म्हणाले, "दुसऱ्याच्या शेतातलं रोही शांतपनी बघायला मिळंल की. आपल्या शेतात शिरल्यावर त्याच्याकडं कोण कधी बगितलंय?"

हे इतकं बरोबर होतं की माझी चिडचिड दुप्पट झाली. हंगामाचं हत्यारही वाया गेलं. तिकडं जनावरं दिसतात ती कोरड्या दिवसांत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात. तो खताचा हंगाम, दुकान सोडून जाणार कसे? दाजींनी बोटावर हिशेब केला. खरिपाची गर्दी ओसरते आणि रब्बीची सुरू व्हायची असते, त्या मधल्या फटीत जाऊ, दसऱ्याच्या अलीकडं. ती फट मला सुचली नव्हती.

शेवटचं हत्यार इंजेक्शनचं. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, दाखला नसेल तर परत येताना विमानतळावरून थेट वेगळं ठेवतात. लस परभणीत मिळत नाही, मोठ्या शहरात जावं लागतं.

दाजींचा चेहरा उतरला. मला माहीत होतं. लग्नाआधीच्या रक्ततपासणीला हे गृहस्थ खुर्चीवरून खाली सरकले होते, ही गोष्ट अख्ख्या भावकीत फिरलेली आहे.

"लस," ते म्हणाले. "सुईची?"

"सुईचीच."

दाजी काचेखालच्या माझ्या पत्रकाकडे बघत बसले. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. खाकी कपडे, कारण तिकडची चावरी माशी निळ्या-काळ्या रंगावर येते. विमानात मला खिडकीच हवी होती. पहाटे गाडीत मी कुणाशी एक शब्द बोलणार नव्हते.

तेवढ्यात अक्का आतून आली. पूजा आटोपून आली होती, कपाळावर ओली विभूती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मी धरीन की हात. तुमी तिकडं बघू नका. बस्."

"सोडनार न्हाईस ना?"

"न्हाई सोडत."

"मंग जाऊ," दाजी म्हणाले.

झालं. एका वाक्यात माझी जागा गेली. आफ्रिकेइतकाच मला त्या हाताचाही हेवा वाटला, हेही सांगून टाकते. मला सुईची भीती वाटत नाही. पण वाटली असती, तर हात धरायला माझ्याकडे कोण आहे?

तरी मी सगळं नीट ठरवून दिलं. मांसाहार नाही, अंडंही नाही, हे तिकडच्या कँपला दोनदा लिहिलं. अक्काच्या गळ्यातलं इष्टलिंग तपासणीला उतरवायला लावू नये, ते काय असतं आणि ती ते का काढत नाही, हे इंग्रजीत समजावून लिहिलं. सकाळी गाडी निघायच्या आधी तिच्या पूजेपुरता वेळ मागून घेतला. मला हवा होता तोच तंबू, कोरड्या नदीच्या काठावरचा, त्यांच्यासाठी मागितला. दुसरा मागायला हात धजला नाही.

मग आली येळवस, वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जेवतात. दाजींचं शेत गोदावरीच्या अलीकडे आहे. ज्वारीत कडब्याची खोप केली होती. आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, सगळ्यांच्या पानात ढीग. जेवण झाल्यावर अक्का आणि मी बांधावर जाऊन बसलो. माझ्या गळ्यात दुर्बीण होती. वाळूच्या गाड्यांवर नजर ठेवायला आमच्या गटानं वर्गणीतून घेतलेली.

"ही दे की मला न्यायला," अक्का म्हणाली.

"ही माझी नाही, चळवळीची आहे. लोकांच्या वर्गणीतून आलेली वस्तू खासगी सहलीसाठी आणि तीही कंपनीच्या..."

"पत्रक वाचू नको. द्यायची का न्हाई?"

"न्हाई."

"कामून?"

"जळायलेय मी, अक्का."

"दिवाळीपासून दिसायलंय मला ते," ती म्हणाली. "दाजीला भ्या दाखवायलीस ते पन कळत होतं. तरी तुलाच इचारलं समदं. तुझ्याबिगर हे कुनाला कळतंय?"

मी दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळत बसले.

"असं कर," ती म्हणाली, "चारठाण्याच्या माळावर तरस हाय म्हणत्यात. मी आल्यावर दोघी जाऊ बघायला."

"मला चारठाण्याचं तरस नको."

"मंग माझ्यावर तरस खा बाई जरा. दे ती."

मला हसू आलं. त्या हसण्यातच मी पट्टा डोक्यावरून काढून तिच्या गळ्यात घातला. तिला शिकवायला घेतलं. आधी उजवा डोळा मीट, मधलं चाक फिरव, डाव्याला स्वच्छ दिसलं की मग उजव्याचं बघ. कोपरं छातीला टेकव, हलू देऊ नको. अक्का नदीकडे तोंड करून चाक फिरवत बसली. हिला जमणार नाही, असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणण्यापेक्षा, तशी इच्छा होती.

"दिसलं!" ती ओरडली. "पिवळं हाय काहीतरी. लय मोठं. पान्याच्या काठाला उभं हाय."

"काय आहे?"

"थांब की... हायवा ट्रक हाय गं! वाळू भरायलेत. सणाच्या दिवशी!"

मी दुर्बीण ओढली. पट्टा तिच्या गळ्यातच होता, तिची मान त्याच्याबरोबर आली. "आगं मानंला लागायलंय," ती म्हणाली आणि पट्टा सोडवून घेतला. मी नंबर शोधत राहिले. नंबरवर चिखल फासलेला होता. मागे दुसरी गाडी होती, तिचाही तसाच. शेवटचे दोन आकडे तेवढे ओळखू आले. ते मी तोंडातल्या तोंडात घोकत होते तोवर पट्टा माझ्या गळ्यात परत आला होता. अक्कानं तो पुन्हा मागितला नाही. मी काढून दिला नाही.

ऊन कललं तशी भांडी बैलगाडीत चढवली. दाजी पानाचा विडा लावत आले. लस टोचून झाली होती आणि तेव्हापासून त्यांना कशाचंच भय उरलं नव्हतं.

"मेहुणीबाई, तिकडं सिंह दिसला तर आल्यावर कसं कसं सांगू तुमाला? सुरुवातीपासून?"

"दिसूच नये," मी म्हणाले.

दाजी मोठ्यानं हसले. अक्का हसली नाही.